ॲस्बेस्टॉसची धूळ आणि कायद्याची दृष्टि

कारखान्यांच्या कायद्यांचा इतिहास लिहितांना बहुधा एक ठराविक क्रम मांडला जातो: आधीं अज्ञान, मग शास्त्रीय शोध, आणि शोधाच्या पाठोपाठ कायदा. वाचकाच्या मनाला हा क्रम सुखावह वाटतो. कारण त्यांत कोणालाच दोष द्यावा लागत नाहीं. माहीत नव्हतें तोंवर माणसें मेलीं, आणि माहीत होतांच राज्यकर्त्यांनीं उपाय केला, असें म्हणून प्रकरण मिटवितां येतें. ॲस्बेस्टॉसची हकीकत मात्र या क्रमांत बसवितां येत नाहीं. इंग्लंडांत या खनिजाच्या धुळीचा घातकपणा सरकारी कागदावर उतरला तो १८९८ सालच्या अहवालांत. त्या धुळीवर निर्बंध घालणारे पहिले नियम झाले १९३१ सालीं. आणि खनिजाच्या सर्व प्रकारांना बंदी झाली ती १९९९ सालीं. म्हणजे ज्ञान आधीं आलें, आणि कायदा त्याच्या मागून एक शतकभर रखडत चालला. मधल्या काळांत सरकार, डॉक्टर व कारखानदार करीत तरी काय होते, हा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. धनलोभ हें त्याचें एक उत्तर आहे, आणि तें खोटें नाहीं. पण तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं.

ॲस्बेस्टॉस हा खाणींतून निघणारा दगडच. परंतु त्याचे धागे सुटतात, ते पिंजतां येतात, त्यांचें सूत कातून कापड विणतां येतें, आणि तें कापड अग्नींत जळत नाहीं. ‘न विझणारें’ असाच त्या ग्रीक नांवाचा अर्थ आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें अशा कापडाचें वर्णन केलें आहे. अलीकडच्या पुष्कळ पुस्तकांत असेंही लिहिलेलें आढळतें कीं, हें कापड विणणाऱ्या गुलामांना छातीचा रोग होतो व ते तोंडावर पातळ कातड्याचा पडदा बांधतात, हें प्लिनीनें नमूद करून ठेवलें आहे. हें खरें नव्हे. प्लिनीचे तोंड बांधणारे कामगार हिंगूळ कुटणारे होते. एकाची चूक दुसऱ्यानें व दुसऱ्याची तिसऱ्यानें उतरून घेतल्यानें हा समज रूढ झाला. ॲस्बेस्टॉसविरुद्धचा पुरावा मुळांतच इतका भरपूर आहे कीं, त्यासाठीं रोमहून साक्षीदार उसना आणण्याचें कांहींच कारण नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत या दगडाच्या खाणी सुरू झाल्या आणि वाफेच्या यंत्रांमुळें त्याला गिऱ्हाईकही मिळालें. बॉयलरवर व वाफेच्या नळांवर गुंडाळण्यास, सांधे बंद करण्यास, नाटकगृहांच्या पडद्यांस, पुढें मोटारींच्या ब्रेकांस व सिमेंटच्या पत्र्यांस तोच माल लागूं लागला. लँकेशायरमधील रॉचडेल या गांवीं टर्नर बंधूंनीं सुताच्या गिरणींतील यंत्रांवर हा दगड पिंजण्यास व कातण्यास आरंभ केला. येथेंच अनर्थाचें बीज होतें. कापूस पिंजण्याचें यंत्र तंतु सोडवितें तसेंच तें ॲस्बेस्टॉसचाही तंतु सोडवितें. फरक इतकाच कीं, ॲस्बेस्टॉसच्या एका तंतूचे चिरून आणखी बारीक तंतु होतात, व त्या बारीक तंतूंचे त्याहून बारीक. डोळ्यांना दिसणार नाहीं इतका सूक्ष्म झालेला तंतु श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदीं तळाशीं जाऊन बसतो. तो तेथें विरघळत नाहीं. आणि शरीर त्याच्याभोंवतीं झुंजतां झुंजतां फुप्फुसाचें मऊ जाळें चिवट व निरुपयोगी करून टाकतें.

१८९८ च्या अहवालांतील तो उल्लेख लूसी डीन या निरीक्षिकेचा आहे. ब्रिटिश सरकारनें कारखान्यांवर स्त्री-निरीक्षक नेमण्यास १८९३ पासून सुरुवात केली होती, व डीनबाई त्या पहिल्या कांहीं नेमणुकांपैकीं होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या. जेथें स्त्रिया काम करीत अशा धुळीच्या धंद्यांची पाहणी करतांना त्यांनीं ॲस्बेस्टॉसच्या कामाचा अंतर्भाव त्यांत केला, आणि सरकारी वैद्यकीय निरीक्षकाकडून ती धूळ सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून घेतली. तिचे कण कांचेसारखे तीक्ष्ण व दांतेरी दिसले. आणि खोलीच्या हवेंत ते ज्या ज्या ठिकाणीं तरंगत राहूं दिले जात त्या त्या ठिकाणीं कामगारांच्या प्रकृतीवर अपाय झालेला आढळला. अपेक्षेप्रमाणेंच आढळला, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख आहे. या बाईंचा अहवाल वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांच्या दूरदृष्टीचें नव्हे, तर त्यांच्या साधेपणाचें. त्यांनीं जें पाहिलें तें त्या खोलींत पाऊल टाकणाऱ्या कोणालाही दिसलें असतें.

यानंतरचा साक्षीदार डॉक्टर आहे. लंडनमधील चेअरिंग क्रॉस रुग्णालयांत १८९९ सालीं डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक कामगार आला. त्यानें चौदा वर्षें ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काढलीं होतीं, त्यांपैकीं पहिलीं दहा पिंजणखात्यांत. आपल्याबरोबर त्या खोलींत काम करणारे दहाही जण तिशीच्या सुमारास मेले व आपण एकटाच उरलों, असें त्यानें सांगितलें. पुढील वर्षीं तोही मेला; आणि शवपरीक्षेंत त्याच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे तंतु सांपडले. १९०६ सालीं धंद्यांतील रोगांना नुकसानभरपाई द्यावी कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं एक सरकारी समिति बसली, तिच्यापुढें मरे यांनीं ही हकीकत सांगितली. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें ओरिबो नांवाच्या श्रमनिरीक्षकानें नॉर्मंडीमधील एका ॲस्बेस्टॉस-गिरणींतील सुमारें पन्नास मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. समितीनें ॲस्बेस्टॉसचा रोग भरपाईच्या यादींत घातला नाहीं.

मरे यांच्या साक्षींत एक वाक्य आहे, आणि तें या सर्व इतिहासाची किल्ली आहे असें मला वाटतें. ते म्हणाले कीं, अलीकडे धूळ कामगारांच्या छातींत जाऊं नये म्हणून बरीच खबरदारी घेण्यांत येते असें आपल्या कानावर आहे, त्यामुळें हा रोग पूर्वीइतका होण्याचा संभव उरलेला नाहीं. मरे यांनीं हें कोणाच्या सांगण्यावरून म्हटलें असें नव्हे. ते सरळ मनुष्य होते. पण हा युक्तिवाद यापुढें पुनःपुन्हां, आणि बहुधा सरळ माणसांच्याच तोंडून, ऐकावयास मिळतो. ॲस्बेस्टॉसचा रोग दहा, वीस, तीस वर्षांनीं प्रकट होतो. म्हणून आज जो मरतो तो नेहमीं जुन्या धुळीनें मेलेला असतो; आणि आजची धूळ नेहमीं निर्दोष ठरते, कारण तिचे बळी अद्याप चालते-बोलते असतात. पटकीच्या साथींत असा अवधि मिळत नाहीं. येथें मिळाला, आणि दर पिढीनें तो सुधारणेचा पुरावा म्हणून खर्ची घातला. विमा कंपन्या मात्र अशा अवधीवर विसंबल्या नाहींत. अमेरिकेंत व कॅनडांत ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे विमे कंपन्या सहसा उतरीत नाहींत, असें फ्रेडरिक हॉफमन या संख्याशास्त्रज्ञानें १९१८ सालींच एका सरकारी अहवालांत लिहून ठेवलें आहे. पैसा स्वतःचा असला म्हणजे मनुष्याला भविष्य चांगलें दिसतें!

रॉचडेलच्या नेली कर्शॉ या बाईची गोष्ट पुष्कळांनीं सांगितली आहे. बाराव्या वर्षीं ती गिरणींत लागली आणि १९१७ पासून टर्नर बंधूंकडे ॲस्बेस्टॉसचें सूत कातूं लागली. १९२२ सालीं तिला काम सोडावें लागलें. डॉक्टरनें दाखला दिला कीं हा रोग ॲस्बेस्टॉसमुळें झालेला आहे. आणि या दाखल्यानेंच तिचा घात केला. रोग धंद्यामुळें झाला असल्यानें आजारपणाच्या सार्वजनिक विम्यांतून तिला पैसे मिळेनात. आणि असा रोग कायद्याच्या यादींत नसल्यानें मालकांवर भरपाईची जबाबदारी येईना. मालकांनीं तर असा रोग अस्तित्वांत आहे हेंच अमान्य केलें. १९२४ च्या मार्च महिन्यांत ती तेहतिसाव्या वर्षीं मेली. तिच्या मृत्यूच्या चौकशींत डॉ. विल्यम कुक यांनीं तिच्या फुप्फुसांतील कण दाखवून मृत्यूचें मूळ कारण निश्चित केलें, व त्याच वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें तें प्रसिद्ध केलें. पुढें १९२७ सालीं ‘ॲस्बेस्टॉसिस’ हें नांव रूढ झालें तेंही कुक यांच्याच लेखामुळें. नांव मिळाल्याबरोबर रोगाला जणूं सरकारदरबारीं प्रवेश मिळाला. कायद्याच्या राज्यांत नुसतें मरून भागत नाहीं. मरणाला नांव असावें लागतें.

१९२८ सालीं ग्लासगो येथील एका कामगाराच्या आजारावरून सरकारनें सर्व धंद्याची चौकशी करण्याचें ठरविलें. तें काम डॉ. मेरीवेदर या वैद्यकीय निरीक्षकाकडे व प्राइस या अभियंत्याकडे सोंपविण्यांत आलें. त्यांचा अहवाल १९३० सालीं निघाला. हा अहवाल वाचनीय आहे. मेरीवेदर यांनीं ३६३ कामगार तपासले. त्यांतील ९५ जणांच्या, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिकांच्या, फुप्फुसांत रोग निश्चित आढळला. नोकरीच्या मुदतीप्रमाणें आंकडे लावतांच चित्र स्पष्ट झालें: चार वर्षांच्या आंत कोणीही नाहीं, आणि ज्यांनीं वीस वर्षें व त्याहून अधिक काळ काढला त्यांच्यांत पांचांपैकीं चौघे रोगी. हे सर्व त्या वेळीं कामावर असलेले लोक होते हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. जे काम सोडून घरीं खोकत बसले होते किंवा मरून गेले होते, ते मेरीवेदर यांच्या खानेसुमारींत आलेच नाहींत. प्राइस यांचा भागही तितकाच स्पष्ट आहे. यंत्रें झांकून घ्यावीं, धूळ उत्पन्न होते तेथेंच शोषक पंख्यानें ती ओढून घ्यावी, हातानें करण्याचें काम यंत्रानें करावें, सुक्याऐवजीं ओलें काम करावें. यांतील एकही गोष्ट कारागिराच्या आवांक्याबाहेरची नव्हती.

तथापि धूळ किती कमी करावयाची, हा प्रश्न उरलाच. येथें अहवालकर्त्यांनीं एक मधला मार्ग काढला. सूत कातण्याच्या एका विशिष्ट खात्यांत पंख्यावांचूनही जेवढी धूळ असे तेवढी ही इयत्ता धरली, आणि इतर खातीं त्या पातळीवर आणावीं असें सुचविलें. ही पातळी निर्धोक आहे असें कोणीं सिद्ध केलेलें नव्हतें. ती साध्य आहे एवढेंच माहीत होतें. आणि शेवटीं मेरीवेदर यांनीं अशी आशा प्रकट केली कीं, हे उपाय जोमानें अमलांत आले तर दहाएक वर्षांत रोगाचें प्रमाण पुष्कळच घटलेलें दिसेल. मरे यांचेंच वाक्य पुन्हां, या वेळीं भविष्यकाळांत.

१९३१ चे नियम १ मार्च १९३२ पासून अमलांत आले. ते जगांतील अशा प्रकारच्या आरंभींच्या नियमांपैकीं होते, आणि त्यांचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. पिंजणें, कातणें, विणणें, दळणें यांसारख्या कामांवर शोषक पंखे आवश्यक ठरले. कांहीं कामांवर अठरा वर्षांखालील मुलांस मनाई झाली. आणि ॲस्बेस्टॉसिसला भरपाई मिळण्याची योजना झाली. परंतु नियमांचें कुंपण माल तयार करणाऱ्या कारखान्यांभोंवतींच घातलेलें होतें. तो माल पुढें ज्यांच्या हातीं जाई त्यांचें काय? जहाजाच्या पोटांतील अरुंद खोलींत बॉयलरला ॲस्बेस्टॉसचा लेप देणारा, त्यासाठीं पोतीं फोडून हातानें गारा कालविणारा, जुना लेप ठोकून काढणारा, आणि त्याच खोलींत शेजारीं दुसरेंच काम करीत असलेला सुतार किंवा वीजतंत्री, हे सर्व बहुतेक कुंपणाबाहेर राहिले. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील व अमेरिकेंतील गोद्यांतून अशा लोकांची संख्या लाखांवर गेली. कुंपणाच्या आंतही राखण कडक होती असें नाहीं. पुढील पस्तीस-सदतीस वर्षांत या नियमांखालीं झालेले खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

दरम्यान दुसरें संकट उभें राहिलें होतें. ॲस्बेस्टॉसिसच्या रोग्यांत फुप्फुसाचा कर्करोग आढळतो असे लेख १९३५ पासून अमेरिकेंत व इंग्लंडांत येऊं लागले. नेमक्या त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका मोठ्या ॲस्बेस्टॉस कंपनीचे अध्यक्ष सम्नर सिम्प्सन यांनीं दुसऱ्या कंपनीच्या वकिलाला पत्र लिहून, या विषयावर जितकें कमी बोललें जाईल तितकें आपल्या हिताचें, असा अभिप्राय दिला. तें पत्र उजेडांत आलें १९७७ सालीं. १९५५ मध्यें रिचर्ड डॉल यांनीं रॉचडेलच्याच कारखान्यांत वीस वर्षांहून अधिक काम केलेल्या ११३ पुरुषांची पाहणी करून त्यांच्यांत कर्करोगाचा धोका सामान्यांच्या सुमारें दहापट असल्याचें दाखविलें. कंपनीच्या चालकांनीं तो लेख प्रसिद्ध होऊं नये म्हणून खटपट केली. डॉल यांनीं तो प्रसिद्ध केला. पण त्या धैर्याच्या लेखांतही, जुन्या धुळींत काढलेलीं वर्षें जसजशीं कमी तसतसा धोका उतरत गेला आहे, असा दिलासा आहेच.

हा दिलासा पोकळ ठरविला तो दक्षिण आफ्रिकेनें. किंबर्ले येथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयांत असे रोगी येत कीं, क्षयाच्या औषधांनीं त्यांना गुण येत नसे. १९६० सालीं वॅगनर, स्लेग्ज व मार्शांड या तिघांनीं त्यांतून मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या वेष्टणाच्या दुर्मिळ कर्करोगाचे ३३ रोगी वर्णिले, आणि एक सोडून बाकी सर्वांचा संबंध केप प्रांतांतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या मुलुखाशीं किंवा त्या मालाशीं पोंचला. त्यांतील कित्येकांनीं खाणींत कधींच काम केलें नव्हतें. त्यांचें केवळ बालपण खाणीजवळ गेलें होतें. पांच वर्षांनीं न्यूहाउस व थॉम्प्सन यांनीं लंडनमधील रुग्णालयाचीं जुनीं दफ्तरें चाळून तोच रोग शोधला. तेथें त्यांना नऊ जण असे मिळाले कीं, ज्यांचा ॲस्बेस्टॉसशीं संबंध एवढाच कीं घरांतील कोणीतरी त्या कारखान्यांत जात असे. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकणें व धुणें हें काम कोणत्याही कायद्यानें धोक्याच्या कामांत कधींच गणलें नव्हतें. अल्प धुळीचा अल्प काळ झालेला संसर्गही पुरतो, आणि रोग चाळीस वर्षांनीं उठतो, हें आतां नाकारण्याजोगें राहिलें नाहीं.

इतकें झाल्यावरही १९६९ च्या नव्या नियमांनीं काय केलें? एक आंकडा ठरविला: हवेच्या एका घनसेंटिमीटरांत दोन तंतु. (निळ्याला याच्या दशांश.) या आंकड्याचा आधार रॉचडेलच्या त्याच कारखान्यांतील, १९३३ नंतरच्या सुधारलेल्या काळांत काम केलेल्या २९० माणसांच्या तपासणीचा होता. त्यांतील पुष्कळांची नोकरी अजून अपुरी होती, आणि जे कारखाना सोडून गेले ते मोजलेच नव्हते. म्हणजे मेरीवेदर यांच्या खानेसुमारींतील उणीव चाळीस वर्षांनीं जशीच्या तशी परत आली, आणि या वेळीं तिच्यावर दशांश चिन्ह चढलें. पुढें त्याच कामगारांची पुन्हां तपासणी झाली तेव्हां रोगी पूर्वीच्या हिशेबाहून कितीतरी अधिक निघाले.

यानंतरची हकीकत भराभर सांगण्याजोगी आहे. यॉर्कशायरमधील एकर मिल या कारखान्याच्या बाबतींत निरीक्षकांनीं केलेल्या हयगयीबद्दल संसदेच्या लोकायुक्तानें १९७६ सालीं ठपका ठेविला. याच कारखान्यांत तरुणपणीं अवघे कांहीं महिने काम केलेल्या ॲलिस जेफर्सन हिच्या अखेरच्या दिवसांचा बोलपट १९८२ सालीं दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि जें आठ दशकांच्या अहवालांनीं झालें नाहीं तें त्या एका रात्रींत झालें. सरकारनें मर्यादा उतरविल्या. १९८५ च्या नियमांनीं निळ्या व तपकिरी प्रकारांस आणि १९९९ च्या नियमांनीं पांढऱ्यास बंदी झाली. तरी ब्रिटनमध्यें मेसोथेलिओमानें आजही दरसाल दोन हजारांहून अधिक माणसें मरतात.

रॉचडेलचा हा धंदा आपल्याकडेही आलेला आहे. टर्नर अँड न्यूऑल या नांवानें वाढलेल्या त्याच कंपनीच्या शाखांनीं १९३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत सिमेंटच्या पत्र्यांचे कारखाने काढले, त्यांतील एक मुंबईजवळ मुलुंडला होता. पुढें ब्रेकांचें सामान करणारा कारखाना घाटकोपरला निघाला. इंग्लंडांतील १९३१ चे नियम अर्थातच या मालाबरोबर आले नाहींत. १९४८ च्या आपल्या फॅक्टरी ॲक्टांत कळविण्याजोग्या रोगांच्या यादींत ॲस्बेस्टॉसिसचें नांव होतें. पण जो रोग नोकरी सुटल्यावर उठतो तो कारखान्यानें कळवावा कसा? हें कोडें ओळखलें तें सर्वोच्च न्यायालयानें. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजीं दिलेल्या निकालांत कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून न्यायालयानें आज्ञा केली कीं, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षें, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरा संपेल तोंपर्यंत कारखान्यानें जपून ठेवावी. रोगाला जितका अवधि लागतो तितका अवधि कायद्यानें हिशेबांत धरल्याचें हें ठळक उदाहरण आहे.

ही आज्ञा कारखान्यांसाठीं आहे. आपल्या देशांत ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणें थांबलें असलें तरी पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशांतून अजून येतो, व त्याचा मोठा भाग छपरांच्या पत्र्यांत जातो. ते पत्रे जागेवर करवतीनें कापून बसविणारा, आणि पावसाळ्यापूर्वीं फुटलेले पत्रे फोडून उतरविणारा, गडी रोजानें आणलेला असतो. त्याचें नांव कोणत्याही कारखान्याच्या दफ्तरांत नसतें.